कष्ट आणि हजेरी : आपल्या पुस्तकांतली कमावती आई

(माळशिरस येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागच्या बाजूला काही बाया उभ्या आहेत, त्यांना आधी पुढं बसायला जागा द्या, मग मी सुरू करते. हां, या ताई, या.

विषय दिलाय तो मोठा आहे : स्त्रियांची कमाई आणि समाजातला बदल. यावर अर्थशास्त्राची माणसं आकडे घेऊन बोलतात. मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळं मी पुस्तकांच्या वाटेनं जाणार. आपल्या पुस्तकांनी कमावत्या बाईला कसं पाहिलं, आणि त्या पाहण्यात कुठं चूक झाली, एवढंच सांगायचंय.

पण पुस्तकाआधी एक घरची गोष्ट.

बहात्तरचा दुष्काळ. इथं बसलेल्या जुन्या माणसांना सुकडी आठवत असेल, मिलोची लाल भाकरी आठवत असेल. माझी आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पुढं दोनतीन वर्षांनी शाळेत निबंध आला, ‘माझी आई’. मी लिहिलं की माझी आई आमच्यासाठी रात्रंदिवस कष्ट करते, ती त्यागाची मूर्ती आहे, तिचे उपकार सात जन्मांत फिटणार नाहीत. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. मी फुशारकीनं घरी आले आणि चुलीपुढं बसून आईला वाचून दाखवला. ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, ‘ग्वाड लिवलंयस. पर मी खडी फोडत हुते तवा हजेरी किती पडायची, त्ये न्हाई लिवलंस. तुझी पाटी-पुस्तकं त्याच पैशाची हुती की.’

तेव्हा मला राग आला. एवढा चांगला निबंध, आणि आईला मजुरीचं पडलंय! पुढं बी.ए.ला, एम.ए.ला गेले, मराठी साहित्य वाचलं, शिकवलं, आणि हळूहळू ध्यानात आलं की टीकाकार म्हणून आई माझ्या पुढं होती. तिनं एका वाक्यात जे सांगितलं, तेच मी आज तासभर सांगणार आहे.

‘कष्ट’ या शब्दाकडं बघा. कष्टाला मोल नसतं, असं आपण म्हणतो आणि ते कौतुकानं म्हणतो. कामाला मात्र दर असतो, वेळ असते, सुट्टी असते, खाडा असतो. शेतकऱ्याला, हमालालाही आपण कष्टकरी म्हणतो, मान्य. पण तो बाजार समितीत गेला की त्याच्या कष्टाचा भाव निघतो. आईच्या कष्टाचा भाव विचारला तर तुम्हीच म्हणाल, काय माणूस आहे, आईचा हिशोब करतो! म्हणजे आपण तिला देवीच्या जागी बसवतो आणि हजेरीपटावरून तिचं नाव काढून टाकतो. हे आपल्या घरात घडतं आणि आपल्या साहित्यातही घडलंय.

आता पुस्तकांकडं. सुरुवात सगळ्यांच्या ओळखीच्या पुस्तकापासून करू. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’, 1935. हे पुस्तक मी किती वेळा शिकवलं असेल! त्याच्याबद्दल वाकडं बोलायला मी आले नाही. फक्त एक आठवण करून देते. त्या घरी कांडायला येणारी एक बाई आहे, मथुरी. ती आजारी पडते, आणि श्यामची आई तिच्यासाठी मायेनं खायला पाठवते. त्या प्रकरणातून आपण आईचा मोठेपणा शिकतो. पण मथुरी ही त्या पुस्तकातली मजुरी करणारी बाई आहे. आजारी पडली की तिचा दिवस बुडतो. तिची मुलं त्या दिवशी काय खात असतील? हा प्रश्न मी पंचवीस वर्षं एकाही वर्गात विचारला नाही. हा दोष पुस्तकाचा कमी आणि आम्हा शिकवणाऱ्यांचा जास्त.

दुसरं पुस्तक, उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी, 1960 ची. वऱ्हाडातली कौतिक. नवरा शिंपी, पण संसार ओढायची ताकद त्याच्यात नाही. कौतिक लोकांच्या शेतात मजुरीला जाते, पैसा पैसा जोडते, आणि परिस्थिती पुन्हापुन्हा तिला खाली ओढते. शेळके पुरुष आहेत, पण कौतिकच्या घरात पीठ किती, पैसे किती, उद्याची सोय काय, हे त्यांना दिसतं. त्यामुळं मी असं म्हणणार नाही की पुरुषानं लिहिलं म्हणजे आंधळेपणानंच लिहिलं. पण ‘धग’वर बोलताना आपण काय म्हणतो? कौतिक म्हणजे सोशिकपणा, कौतिक म्हणजे मातृत्व. परीक्षेतले प्रश्नही तसलेच. मला विचाराल तर ती कादंबरी कमावणाऱ्या बाईच्या हातात निर्णय नसल्याची आहे. पैसा तिचा, पण गावात घरचा कर्ता म्हणून नाव नवऱ्याचं. तिची शोकांतिका तिथं आहे.

आता मी तुम्हाला आपल्याच जिल्ह्यात आणते. करमाळा तालुक्यातलं नेरले. तिथले डॉ. किशोर शांताबाई काळे. ‘कोल्हाट्याचं पोर’ हे त्यांचं आत्मकथन 1994 साली ग्रंथालीनं काढलं, तेव्हा महाराष्ट्रभर खळबळ झाली. बापाच्या जागी आईचं नाव लावणारा हा डॉक्टर 2007 मध्ये अपघातात गेला, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

आजच्या विषयाला हे पुस्तक फार महत्त्वाचं आहे, का ते सांगते. आपण सगळे एक गोष्ट गृहीत धरतो : बाई कमवायला लागली की घरात तिचा शब्द चालतो, आणि मग समाज बदलतो. भाषणात, योजनांच्या जाहिरातीत हेच असतं. आता कोल्हाटी समाजाकडं बघा. तिथं पिढ्यान्पिढ्या बाई कमावती आहे. तमाशात, संगीत बारीत नाचणारी मुलगी अख्खं घर पोसते. बाप, भाऊ तिच्या पैशावर जगतात, हे किशोर काळे आडपडदा न ठेवता लिहितात. आपलं गृहीतक खरं असतं तर महाराष्ट्रातली सगळ्यात स्वतंत्र बाई त्या घरात दिसायला हवी होती. प्रत्यक्षात काय दिसतं? शिकायची इच्छा असलेल्या शांताबाईला शाळा सोडून नाचायला उभं राहावं लागतं. नाचायचं की नाही, हे ती ठरवत नाही. कुणाबरोबर राहायचं, त्यात घरच्यांचा फायदा-तोटा बघितला जातो. पुढं एका माणसाच्या शब्दावर विसंबून ती नाच सोडून त्याच्या घरी जाते. तिथं पत्नीचा मान मिळत नाही, राबणं मात्र मिळतं, आणि पोटचं पोर मागं राहतं.

कमाई होती. मग कमी काय होतं? तीन गोष्टी. पैसा तिच्या हातात राहत नव्हता. काम सोडायचं किंवा बदलायचं तिच्या मर्जीवर नव्हतं. आणि त्या कामाला गावात मान नव्हता. रात्री टाळ्या आणि दौलतजादा, सकाळी त्याच बाईकडं बघून तोंड फिरवायचं. आपल्या तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. अकलूजच्या लावणी स्पर्धेनं राज्यभरातल्या कलावंतिणींना मोठं व्यासपीठ दिलं, आणि घरच्या बायाबापड्या समोर बसून लावणी बघू लागल्या, ही मोठीच गोष्ट झाली. पण मंचावर मान मिळाला म्हणून म्हातारपणाची भाकरी मिळाली असं होत नाही. पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, आणि त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. 2002 साली त्या गेल्या. पदकाचा फोटो सगळ्यांनी पाहिला होता.

आता या पुस्तकाबद्दल माझी टीका. ‘कोल्हाट्याचं पोर’ मुलाच्या डोळ्यांतून लिहिलेलं आहे. त्या मुलाची भूक, अपमान, आईची वाट बघणं हे वाचताना घसा दाटतो. पण शांताबाईची बाजू आपल्यापर्यंत मुलाच्या ओढीतून आणि मुलाच्या जखमेतून येते. ती काय मोजत होती, पहिल्या कमाईचं काय झालं, घर सोडताना तिनं मनात कसला हिशोब मांडला असेल, हे तिच्या तोंडून येत नाही. लेखकाला मी दोष देत नाही, तो त्याचं आयुष्य लिहीत होता. पण आपण वाचक ते पुस्तक मिटतो आणि म्हणतो, काय सोसलं त्या पोरानं! आईचं सोसणं पुन्हा पोराच्या खात्यात जमा.

एक मात्र सांगते. 2024 मध्ये शासनानं नियम केला : 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचं नाव लागलंच पाहिजे. नेरल्याच्या या पोरानं तीस वर्षं आधी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते लावलं होतं.

मग बाई स्वतः लिहिते तेव्हा काय होतं? त्यासाठी लांब जायला नको. नातेपुतं ओलांडलं की फलटण. तिथं बेबी कांबळे राहायच्या. त्यांचं ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आलं आणि 1986 साली पुस्तक झालं. त्यात वीरगावच्या महारवाड्यातल्या बाया रानातून सरपण गोळा करतात, मोळी डोक्यावर घेऊन ब्राह्मण आळीत विकायला जातात. घेणारी बाई लांबून बघते, भाव पाडते, आणि वर बजावते की लाकडाला तुमच्या डोईचा केस अडकलेला नसावा, घर विटाळेल. मोळीवाली एकेक लाकूड झटकून, केस शोधून, मोळी रचून देते.

हा प्रसंग नीट बघा. इथं काम आहे, भाव आहे, घासाघीस आहे, आणि जात आहे. केस शोधत बसायच्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. मजुरीच्या व्यवहारात अस्पृश्यता कशी शिरते, हे बेबीताईंनी चार ओळींत दाखवलं. मुलानं लिहिलं असतं तर कदाचित ‘माझी आई उन्हातान्हात मोळ्या विकायची’ एवढ्यावर थांबलं असतं. बेबीताई ‘मी’ म्हणून फार बोलत नाहीत, ‘आम्ही’ म्हणून बोलतात. आणि त्यांच्या ‘आम्ही’मध्ये सासुरवाशिणींना छळणारी सासूही येते. आपल्या माणसांचीही त्या गय करत नाहीत.

आणि हे पुस्तक लिहिलं कुठं, ते ऐका. बेबीताई फलटणला छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला रद्दीची वर्तमानपत्रं यायची, ती त्या वाचायच्या. गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या. आणि लिहिलेलं घरातल्या कुणाच्या हाताला लागणार नाही अशा सांदीकोपऱ्यात लपवून ठेवायच्या, वीसेक वर्षं! नवऱ्याची भीती. मारहाण व्हायची, हे त्यांनी पुढं मुलाखतीत सांगितलं. पुस्तकात त्याचा बोलबाला नाही.

आता सांगा, बेबीताईंच्या कमाईनं त्यांना स्वातंत्र्य दिलं का? दुकान त्या चालवत होत्या, तरी वही लपवावी लागत होती. म्हणजे नाही दिलं. पण दुकानानं त्यांना बसायला एक जागा दिली, वाचायला रद्दी दिली, चार माणसांशी बोलायचं निमित्त दिलं, आणि दुपारचा मोकळा तास दिला. त्या तासातून पुस्तक झालं. बदल असा होतो बघा. पैसा आला की दार आपोआप उघडत नाही. पण कामाच्या जागी बाईला घराबाहेरची एक खिडकी मिळते, आणि तिचं ती काय करते, ते आधी कुणी सांगू शकत नाही.

याच ओळीत उर्मिला पवारांचं ‘आयदान’ येतं, 2003 चं. कोकणात बांबूच्या सुपा-टोपल्यांना आयदान म्हणतात. वडील लवकर गेले, आई आयदानं विणत राहिली, पोरीनं ती घरोघर पोचवायची आणि विटाळ पाळणाऱ्या हातांतून पैसे घ्यायचे. ती पोरगी शिकली, सरकारी नोकरीला लागली. म्हणजे एका पिढीत टोपलीवरून पगारावर. तरी पगार घेणाऱ्या बाईनं आणखी शिकावं, सभेला जावं, लिहावं म्हटलं की घरात कुरबुर सुरू, हे त्या स्पष्ट लिहितात. घरात पगार चालतो, बाईचं सभेला जाणं चालत नाही. इथं बसलेल्या शिक्षिका, नर्सबाई, अंगणवाडीच्या ताई हसताहेत, म्हणजे गोष्ट जुनी झालेली नाही.

आता पुस्तक मिटून आपल्या शिवारात येऊ. आपला तालुका कारखान्यांचा. नीरा उजव्या कालव्याचं पाणी आलं, सासवडहून माळी मंडळी येऊन माळीनगर वसलं, 1930 च्या दशकात शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभा केला. पुढं अकलूज, सदाशिवनगर. याचा अभिमान आपल्याला आहेच. पण ऊस तोडतं कोण? बीडकडून, मराठवाड्याकडून येणाऱ्या जोड्या. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला देतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. ती पहाटे उठून भाकरी करते, फडात वाढं सवळते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. पण उचलीचा व्यवहार बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर होतो. वर्षभराच्या कामाचा एकही कागद तिच्या नावाचा नाही. दुखलंखुपलं तरी खाडा परवडत नाही. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गेला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तो या खाड्याशीच जोडलेला होता. ‘कोयता’ या शब्दातच ती अर्धी बुडाली आहे. भाषेत नाव नाही, म्हणून हिशोबात नाव नाही.

याच्याशेजारी रोजगार हमी ठेवा. वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना बहात्तरच्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि 26 जानेवारी 1979 पासून कायदा म्हणून अमलात आली. तिच्यात खोट्या मस्टरांपासून उशिरा मिळणाऱ्या मजुरीपर्यंत शंभर भानगडी झाल्या, त्या तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण एक गोष्ट तिनं केली : मजुरीचा दर बाईला वेगळा आणि पुरुषाला वेगळा ठेवला नाही. आणि हजेरीपटावर बाईचं नाव वेगळं लागलं. बाया कामावर मोठ्या संख्येनं आल्या, एकमेकींशी बोलल्या, तहसीलवर मोर्चे नेले. माझी आई ‘हजेरी’ म्हणत होती ती ही. पैसे थोडेच होते. पण कागदावर ती अमक्याची बायको म्हणून नव्हती, मजूर म्हणून होती.

आणखी एक. बाहेरच्या जगातही हा प्रश्न सरळ रेषेत जात नाही. अमेरिकेच्या क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी दोनशे वर्षांची कागदपत्रं चाळून दाखवलं की देश शेतीकडून कारखान्याकडं जातो तेव्हा बायकांचं कमाईचं काम आधी कमी होतं, आणि पुढं शिक्षण, कार्यालयीन नोकऱ्या आल्या की वाढतं. आपल्या बागायती गावात फिरा, पहिला भाग दिसेल. पाणी आलं, ऊस आला, माडी झाली, आणि घरची बाई रोजगाराला जाणं कमीपणाचं झालं. ‘आमच्यात बायका रानात जात नाहीत’ हे वाक्य श्रीमंतीची खूण म्हणून बोललं जातं. तिच्या जागी दुसऱ्या गावची, दुसऱ्या जातीची बाई रानात गेली. याला प्रगती म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

समारोप करते. दर वर्षी माउलींची पालखी आपल्या दारावरून जाते. त्या वाटेनं चालणाऱ्या बायांच्या ओठी जनाबाई असते. जनाबाई दळायला बसली की विठ्ठल जात्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसतो, ही कथा आपल्याला फार आवडते. मला नेहमी वाटतं, बाईच्या कामाला हात लावायला आपल्याकडं देवालाच यावं लागलं, घरच्या माणसांचं काय?

विद्यार्थ्यांना एक काम देते. आईवर निबंध लिहाल तेव्हा ‘त्यागाची मूर्ती’ लिहायच्या आधी तिला विचारा : कुठं कामाला जात होतीस, रोज किती पडायचा, पैसे कुणाच्या हातात जायचे, आणि त्यातलं स्वतःसाठी काय घेतलंस. उत्तर लिहून ठेवा. माझी आई आता नाही. तिला मी दुसऱ्यांदा विचारलंच नाही, त्यामुळं हजेरी किती पडायची, ते मला आजही माहीत नाही.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : मॅडम, आता लाडकी बहीण योजनेचे पैसे थेट बाईच्या खात्यावर येतात. मग तक्रार कशाची?

उत्तर : दादा, तक्रार नाही. खातं तिच्या नावावर आहे, पैसे तिच्या नावानं येतात, ही मोठी गोष्ट आहे आणि गरजेला ते पैसे उपयोगी पडतात. पण ते बहीण म्हणून मिळतात. मजुरी मजूर म्हणून मिळते. बहिणीला ओवाळणी द्यायची की नाही, हे भाऊ ठरवतो. मजुरीवर मात्र हक्क सांगता येतो, भांडता येतं. मला दोन्ही हवंय, पण आधी मजुरी.

प्रश्न : म्हणजे आईच्या मायेला किंमतच नाही का?

उत्तर : आहे की. माया आहे म्हणून तर विचारायचं. ज्या माणसावर जीव आहे, त्याचा पगार किती, हे आपण विचारतो ना? मुलाचा विचारतो, जावयाचा विचारतो. आईचाही विचारा.